झाकणं घट्ट बसली

— नाही नाही, टॉवेल राहू दे त्याच्याखाली, ग्रीस लागतं टेबलाला. आणि तू त्या स्टुलावर बस, माझ्या उजेडात उभी राहू नकोस. बाप कसा आहे हे मी विचारलेलं नाही, तेव्हा सांगूही नकोस. सख्खा भाऊ आहे माझा, ठाऊक आहे मला — म्हणून काय डोक्यावर घेऊन नाचू? इतक्या वर्षांत या घराची पायरी चढला नाही, आणि आता रिमोटवरच्या खेळण्यातल्या रणगाड्याच्या चाकांना झाकणं बसवायची तर लेकीला पाठवतो. आत्याकडे जा म्हणाला असेल, ती छान करते. करतेच मुळी!

हे बघ — तिथूनच बघ. चाक धरलेलं असतं एका स्क्रूनं. रिमोटवर पळवलं, दगडांवर आपटलं, की तो होतो ढिला. मग झाकण काढा, स्क्रू आवळा, झाकण परत लावा. पूर्वी सगळे झाकणं चिकटवूनच टाकायचे आणि मग चाकू घालून उचकटायचे, निम्मी तुटायची. मी काय केलं? बिघडलेला इअरफोन फोडला, त्यातलं डाळीएवढं लोहचुंबक झाकणाच्या आतून बसवलं — ते जाऊन स्क्रूच्या डोक्याला बसलं, टक्! नखानं उचललं की हातात. मी केलं, मी, ऐकतेयस ना? तुझा बाप तेव्हा चाकांवरच्या पट्ट्याला रंग फासत बसला होता.

मग आलं क्लबाचं प्रदर्शन. पंच वाकून वाकून बघतायत, झाकण काढतायत, लावतायत, लहान पोरांसारखे — कुणाचं हो हे डोकं? आणि हा गृहस्थ, माझ्यादेखत, 'माझंच.' मी शेजारी उभी, हातात स्क्रूड्रायव्हर. कुणीतरी विचारलं, या कोण? तर म्हणाला, 'बहीण. डबा घेऊन आलीय.' डबा! होता गं डबा, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या हातात होता. पण म्हणून? हसले सगळे. आता तर क्लबात नियमच झालाय, शर्यतीआधी पंचांसमोर झाकण काढून स्क्रू आवळून दाखवायचा, नाही निघालं तर गाडी बाहेर. युक्ती माझी, नियम त्यांचा, आणि मला तिथं कुत्रंही ओळखत नाही.

अं हं, हात लावू नकोस! सुकू दे. — काय म्हणजे काय, ग्लू. लोहचुंबकाला लागतो थोडासा... बरं, थोडासा नाही. आता कशाला लपवू, काम झालंय. एकूणएक झाकण स्क्रूसकट चिकटवलंय मी, बाई. उद्या शर्यतीआधी तुझा बाप पंचांसमोर नख घालेल, मग चाकू घालेल, घाम फुटेल त्याला — 'तुमचीच ना हो ही पद्धत?' असं विचारतील ते. जिरेल, चांगली जिरेल! मी बघायला येणार आहे, मुद्दाम, पहिल्या रांगेत.

अशी काय बघतेस? काय? परत बोल. — तू उतरतेयस? तुझ्या नावावर? आणि तो? ... हात कापतात त्याचे? कधीपासून? — नको, राहू दे, नको सांगूस. म्हणजे त्यानं पाठवलं नाही तुला? तो आलाय का कुठं बाहेर गाडीत? त्याला पत्ताच नाही? — तूच शोधत आलीस. आत्याचं काम सगळ्यांत चांगलं म्हणून. कोण म्हणालं? ... तोच? घरात म्हणतो? घरात म्हणायला काय जातंय!

निघणार नाहीत गं आता ती. चाकं फोडावी लागतील. ओढू नकोस, नख तुटेल. — हो, फळीवर आहेत ती चाकंच आहेत. तुझ्याच मापाची, झाकणांसकट. दिसली ना? नाही देणार. नाही म्हटलं ना एकदा! उद्या पंचांनी विचारलं तर सांग, आत्यानं चिकटवली. का चिकटवली ते बाबांना विचारा म्हणावं. — हं, हेच रडणं, अगदी हेच, घरी जाऊन त्याच्यासमोर रड. माझं त्याला कधी लागलं नाही, तुझं लागेल. तुझ्याएवढीच होते गं मी तेव्हा.

उचल तो रणगाडा. जा. दार ओढून घे.