बस्तीचा नळ कोनं पळवला?

रुखमाबाई : चाय नको मले. काल सभेत काय म्हनलं, ते एकडाव इथं म्हन.

रविंद्र : काकू, कार्पोरेशनची निवडणूक आहे. मारोतकाका तिकडून उभे, मी इकडून भाषणं करून राहिलो. मनावर नाई घ्याचं.

रुखमाबाई : म्हन गा.

रविंद्र : "बस्तीचा नळ कोनं पळवला?"

रुखमाबाई : मंग?

रविंद्र : मग लोक म्हणतात... "मारोतरावनं."

रुखमाबाई : घडीघडी तेच काहून इचारते?

रविंद्र : पहिल्यांदा लोक नुसते ऐकतात. मग हसतात. मग आपण फक्त थांबायचं, तेच ओरडतात. स्वतःच्या तोंडून निघालं की माणसाले ते खरंच वाटते.

रुखमाबाई : आन् माह्या घरधन्यानं पळवला का नळ?

रविंद्र : नाई. मंजूरच नाई झाला.

रुखमाबाई : तुले मालूम होतं?

रविंद्र : अर्ज घेऊन काकांसंगं मीच गेलो होतो.

(रविंद्रनं मान खाली घातली. काल याच तोंडानं अख्खा चौक गाजवला होता. आज समोर एकटी रुखमाकाकू होती.)

रविंद्र : तुले कोणी काही बोललं का, काकू?

रुखमाबाई : कोनी नाई. मीच बोलली.

रविंद्र : म्हणजे?

रुखमाबाई : पोरगं काय म्हनते, आयकाव म्हनून गेलती. बायांमंदी बसली. पयले लय राग आला. उठूनच जाव वाटलं. मंग आखरीले तू हात वर करून थांबला. साऱ्या बाया वरडल्या. मीबी वरडली.

रविंद्र : काकू!

रुखमाबाई : जीभच चालली, बाप्पा. लगन झालं तवापासून त्यायचं नाव कदी घेतलं नाई मी. "आयकलं का" म्हनतच संसार केला. ते म्हनत, एकडाव तं घे. मी पदर तोंडावर घेऊन पळत जाओ. पयल्यांदा घेतलं, ते तुह्या सभेत.

रविंद्र : आज शेवटची सभा आहे. माइकवरच सांगतो, ते झूट होतं.

रुखमाबाई : एकडाव सांगून भागते का?

रविंद्र : नाई भागत.

रुखमाबाई : मंग?

रविंद्र : घडीघडी सांगतो. लोक उठून गेले तरी सांगतो... काकाले कळलं का?

रुखमाबाई : मले घरी न्याले आलते. मांगंच उभे होते.

रविंद्र : काय म्हणाले?

रुखमाबाई : घरी आल्यावर कंदील लावला, आन् म्हनले, "आता घरीबी नाव घेत जा वं."