त्यांच्या ओळी, माझ्या ओळी

(कळव्याच्या चाळीत राहणाऱ्या करुणाबाई साळवे यांनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत.)

माझं माहेर नगरकडचं. गाव लहान, गावाबाहेर मिशनचं कंपाउंड, त्यात चर्च, शाळा आणि आमच्यासारख्यांची कौलारू घरं, आणि वडील त्या शाळेत मास्तर, म्हणजे घरात खायला कमी आणि वाचायला जास्त अशी गत, हसू नका, खरंच सांगते. दिवेलागणीला प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेत आळीपाळीचं वाचन, म्हणजे वडिलांनी एक ओळ वाचायची आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पुढची ओळ उत्तर द्यायची. त्यामुळे मला लहानपणापासून दुसरी ओळच पाठ. पहिली ओळ वडीलमाणसाची, मग लग्न झालं की नवऱ्याची, आपण आपलं उत्तर द्यायचं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, तेव्हा कुणाला वाटायचं?

लग्न होऊन मी ह्या चाळीत आलेली, ती आजतागायत इथेच. हे माजिवड्याला एका कंपनीत फिटर होते. नाव शांतवन, पण आयुष्यभर मी हेच म्हटलं, आता काय बदलू. हे मूळचे भक्तिमान, सुट्टीच्या दिवशी घरोघर प्रार्थनासभा घ्यायचे, आणि मग कंपनी बंद पडली, तेव्हा बाकीचे युनियनच्या ऑफिसात चकरा मारत होते आणि आमचे हे एका रिटायर्ड पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, जाऊन बसलेले. आमच्यात एक रीत आहे. पाळक थकला की त्याची पुस्तकं मुलाकडे जात नाहीत, पुढे जो कुणी चर्चची मंडळी सांभाळणार असेल त्याला द्यायची. त्या म्हाताऱ्या पाळकांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, शांतवन, रिक्षा घेऊन ये. ह्यांना वाटलं दवाखान्यात न्यायचंय. रिक्षा आली तर आतून दोन गोण्या भरून पुस्तकं. असे झाले आमचे हे पाळक, काय सांगू तुम्हाला, कॉलेज नाही, पदवी नाही, रिक्षातून उतरले ते पाळक होऊनच उतरले.

पण वाचायचे कसे! जेवताना वाचायचे, डाळीचे डाग आहेत अजून पानांवर. आणि नुसतं वाचून सोडणारा माणूस नाही, पुस्तकात जे असेल ते दुसऱ्या दिवशी करून बघायचंच. एका पुस्तकात होतं की आजाऱ्याजवळ बसलेल्या पाळकाने घड्याळ बघू नये, झालं, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं ते परत घातलं नाही. एकात होतं की जो आपल्याला शिव्या घालतो त्याच्या घरी आधी जावं, तर हे दर सोमवारी त्या खडूस भालेरावांकडे, आणि तिथून आले की दोन वेळा जेवायचे. आणि एकात लिहिलेलं की रविवारचा संदेश आधी बायकोला ऐकवावा, तिला झोप लागली तर फाडून टाकावा. किती फाडले ते विचारू नका. मी म्हणायची, तुम्ही माणूस आहात की पुस्तकाची झेरॉक्स? त्यावर हे हसायचे, म्हणायचे, करुणा, मला शिकवायला दुसरं कोण आहे.

त्या गोण्यांमध्ये एक पातळ काळं पुस्तक होतं, हाताएवढं, पाळकाच्या विधींचं. बाप्तिस्म्याला काय वाचायचं, लग्नात काय, दफनाला काय, आणि दफनाच्या आधीचं एक पान, माणूस जायला टेकला की त्याच्या उशाशी बसून वाचायचं. तेही आळीपाळीचं. पाळकाची ओळ, मग बसलेल्यांची ओळ. पण हो, अशा घरात उत्तर द्यायला कुणाचा आवाज फुटतो? रडत असतात सगळे. म्हणून हे मला बरोबर न्यायचे. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवलीपर्यंत फिरलो आम्ही. हे वाचायचे, प्रभू, तुझ्या ह्या लेकराचा हात तू धर, आणि मी म्हणायची, आमच्या हातातून आम्ही तो सोडतो. हे म्हणायचे, पुढची वाट तू दाखव, मी म्हणायची, आम्ही इथवरच आलो आहोत. किती जणांना मी असं सोडलं असेल, देव जाणे. घरी येऊन भात लावायची. सवयीचं झालेलं.

आणि हे स्वतः कसे गेले, तर माजिवड्याच्या बसस्टॉपवर. एका आजाऱ्याला भेटून परत येत होते, उभे होते ते खाली बसले आणि संपलं. काळं पुस्तक खिशात. आख्ख्या ठाण्याला वाचून दाखवलेलं पुस्तक, आणि ह्यांच्यासाठी उघडलं कुणी नाही. तो विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

नवे पाळक आले ते तरुण, डोंबिवलीचे, आठवडाभर बँकेत नोकरी आणि रविवारी मोबाइलवर बघून संदेश देतात. मुलगा चांगला आहे, नावं ठेवत नाही मी, पण मंगळवारी दुपारी कुणी जायला टेकलं तर बँक सोडून कुठून येणार? म्हणून लोक मला बोलवायला लागले. पाळकबाई, तुम्हाला येतं ना सगळं, तुम्हीच या. मी पिशवीत काळं पुस्तक घातलं आणि निघाली.

पहिल्यांदा गेली ती दिव्याला, एका म्हाताऱ्या आजींकडे. बसली, पान काढलं, पाळकाची ओळ वाचायला तोंड उघडलं आणि ह्यांचा आवाज आला. असं बघू नका माझ्याकडे. मी काही वेडी नाही, मला शुगर आहे, बाकी काही नाही. हे वाचत होते. माझ्या डाव्या बाजूला, नेहमी बसायचे तिथे, त्याच संथ आवाजात, प्रभू, तुझ्या ह्या लेकराचा हात तू धर. आणि मी काय केलं? सवयीने उत्तर दिलं, आमच्या हातातून आम्ही तो सोडतो. आख्खं पान तसंच वाचलं, ह्यांची ओळ ह्यांनी, माझी ओळ मी. आजी गेल्या. आजींची सून नंतर बाहेर मला म्हणाली, बाई, तुम्ही मधे मधे गप्प का बसत होता, कुणाचं ऐकत असल्यासारख्या?

मग प्रत्येक वेळी तसंच. लोकांना ऐकू जायच्या फक्त माझ्या ओळी. सोडतो. मग गप्प. इथवरच आलो. मग गप्प. लोकांच्या अंगावर काटा यायचा आणि कशाला खोटं बोलू, माझ्याही यायचा. बभ्रा झाला, पाळकबाईंनी पिशवीतून काळं पुस्तक काढलं की माणूस सकाळ बघत नाही. अहो, बोलावतातच शेवटाला, तर माणूस जाणारच ना! पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. एका घरी नुसती चौकशीला गेली, घरातले गृहस्थ मला बघून ताडकन उठून बसले, म्हणाले, बाई, मला फक्त ताप आहे हो, नुसता ताप! आम्ही सगळे हसलो. रस्त्यात मात्र माझं हसू गेलं. कारण तिकडे पुस्तक न उघडताच मी कान देऊन बसलेली, आवाज येतो का म्हणून. आवाज आला नाही आणि ते गृहस्थ बरे झाले. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की आवाज आला की माणूस जातो.

नव्या पाळकांना सांगितलं मी. ते आधी म्हणाले, बाई, ताण आहे, डॉक्टरला दाखवा. मग गंभीर होऊन म्हणाले, शास्त्रात मेलेल्यांशी बोलायला मनाई आहे. मी म्हटलं, मी कुठे बोलते, मी तर नुसतं उत्तर देते.

आता शेवंताचं सांगते, खरं तर तिच्यासाठीच तुम्हाला बसवलंय. शेवंता कांबळे, भिंतीपलीकडची. मी लग्न होऊन आली त्याच वर्षी तीही आलेली. शाळेत शिपाई होती, तोंडाने फटकळ, मनाने सोनं. ते बौद्ध, आम्ही ख्रिस्ती, भिंत एक. तिची पौर्णिमेची वंदना मला पाठ आणि आमचं संध्याकाळचं वाचन तिला. तिचा मिलिंद माझ्या हातचं खाऊन मोठा झाला. तर ह्या शेवंताला पोटाचं दुखणं निघालं, आणि हॉस्पिटलवाल्यांनी ह्या दिवाळीनंतर सांगितलं, घरी न्या, जे हवं ते खाऊ घाला. म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

मी रोज चार वाजता तिच्याकडे जायची, पण काळं पुस्तक घरात ठेवून. त्याच्याऐवजी ह्यांच्या फळीवरचं दुसरं एखादं न्यायची. एक जाडजूड होतं, परदेशातून आलेल्या कुणा मिशनरीच्या बायकोचं चरित्र, बैलगाडीतून गावोगाव फिरून तिने बायकांना कसं शिकवलं ते. मुद्दाम हळू वाचायची, पानाला पान लावून, पुस्तक संपूच नये म्हणून. शेवंता ऐकायची आणि मधेच विचारायची, ही बाई दिवसभर फिरते, मग हिच्या घरी भांडी कोण घासतं ते लिहिलंय का? मी म्हणायची, नाही गं. तर म्हणायची, मग पुस्तक अर्धंच आहे.

एक दिवस म्हणाली, हे राहू दे, ते काळं आण. मी म्हटलं, अगं, तुझा काय संबंध त्याच्याशी. ती म्हणाली, मी काय बाप्तिस्मा घेत नाहीये हं, आमचे भन्तेजी परवा येऊन आजाऱ्यासाठीचा परित्राण पाठ करून गेले, तूच हात जोडून बसलेलीस. माझं सगळं माझ्या धम्माप्रमाणे होईल, मिलिंदला सांगितलंय. पण आख्खं आयुष्य भिंतीतून मी तुमचं ते तू धर, आम्ही सोडतो ऐकलंय, मला ते जवळून ऐकायचंय. मी म्हटलं, मी नाही वाचणार. का? म्हटलं, लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना. ती म्हणाली, लोक बोलतात ते सोड, तू काय म्हणतेस ते सांग. मग मी रडली आणि सगळं सांगितलं तिला, आवाजाचं, गप्प बसण्याचं, सगळं. मिलिंद दारात उभा होता, त्याने ऐकलं आणि आत जाऊन चहा टाकला.

शेवंताने विचार केला थोडा आणि म्हणाली, असं करू, त्याच्या ओळी तू वाच आणि तुझ्या मी म्हणते, मग तो येईल कशाला, त्याला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी नेलं पुस्तक. आयुष्यात पहिल्यांदा पाळकाची ओळ माझ्या आवाजात वाचली, प्रभू, तुझ्या ह्या लेकराचा हात तू धर. आणि शेवंता पडल्या पडल्या म्हणाली, आमच्या हातातून आम्ही तो सोडतो, वर मला डोळा मारला. आवाज नाही आला. शेवटपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशी शेवंता होती, तिसऱ्या दिवशी होती, मेथीची भाजी मागून खाल्ली. मग आम्ही रोजच वाचायला लागलो. आनंद झाला मला, देवाशपथ झाला, पण घरी येऊन एकटी बसायची तेव्हा वाटायचं, आता हे कुठेच ऐकू येत नाहीत. अशी बाई पाहिलीय का कुठे, जी सकाळी प्रार्थना करते की माझा नवरा येऊ नये, आणि संध्याकाळी रडते की आला नाही?

काल चार वाजता गेली. शेवंता भिंतीकडे तोंड करून. मी माझी, म्हणजे त्यांची, ओळ वाचली. तिचं उत्तर येईना. ओठ हलले, आवाज नाही. मी थांबली. परत वाचायला तोंड उघडलं आणि डाव्या बाजूला हे वाचायला लागले. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, दमलीस गं तू, उद्या वाचू. तिने डोळे उघडले, इतकं हळू म्हणाली की वाकून ऐकावं लागलं, आला ना तो? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, खोटं बोलू नकोस, तुझं तोंड सांगतंय. मग श्वास घेऊन म्हणाली, त्याला वाचू दे आता. तुझी ओळ तू म्हण. तू त्यालाही धरून बसलीयेस आणि मलाही, हात दुखत नाहीत का तुझे?

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मला राग आलाय, तिचा नाही, ह्यांचा. जन्मभर पहिली ओळ त्यांनी घेतली, सोपी ओळ, तू धर, तू धर. सोडायची ओळ नेहमी माझ्याच वाट्याला. पण म्हणेन मी. आज पान पुरं वाचणार. हे वाचतील, मी उत्तर देईन, आणि एकाच ओळीत दोघांना सोडायचंय मला, कसं जमेल माहीत नाही, जमवीन.

चार वाजत आले, मिलिंद दार उघडं ठेवून बसला असेल. तुम्ही चहा संपवा, घाई करू नका. देव तुमच्या माणसांना तुमच्याजवळ ठेवो. मला तेवढं ते पुस्तक द्या.