तनुजाच्या घरी गेलेलं पुस्तक

अर्धापूरच्या थांब्यावर शिवगंगाबाई नांदेडच्या बसची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर गणवेशातल्या दोन मुलींचं हळू आवाजात भांडण चाललं होतं.

“तनुजा, लायब्ररीचं पुस्तक कधी देणार हाईस? तुझ्यानंतर माझा नंबर हाय.”

“देते की, अक्षरा.”

“दोन हप्ते झाले. अर्धं वाचून तूच वर्गात सांगितलंस, लई भारी हाय म्हणून. त्यातली पोरगी बेटावरून घरी आली का न्हाई, मला कळायला पाहिजे.”

“पुस्तक माझ्यापाशी न्हाई. पप्पांनी घेतलंय.”

“रागावले का?”

“न्हाई गं. वाचून राहिलेत. पहिल्या दिवशी नुसती चित्रं बघितली. आता जेवण झालं की मोठ्यानं वाचतात, एकेक अक्षर जुळवून. रोज दोनच पानं होतात.”

“मग मागून घे की.”

“कशी मागू? आई म्हणती, त्यांच्या हातात पुस्तक तिनं कधी बघितलंच नव्हतं. आता तर शेजारचे अण्णाराव काकाबी ऐकायला येतात.”

शिवगंगाबाईंची बस आली आणि गेली. त्या जागच्या हलल्या नाहीत. मागं अक्षरानं विचारलं,

“किती पानं राहिली?”

“चाळीस.”

“म्हणजे वीस दिवस. मग मीबी तुमच्या घरी येऊ का, ऐकायला?”

“ये की. पण पुढं काय झालं म्हणून मधीच विचारायचं न्हाई. पप्पांनाबी माहीत नसतंय.”