लोणी काढलेलं पाणी

माझं माहेर टेंभुर्णीचं, सासर केदारखेड्याचं आणि जीभ कुठली ते अजून कुणाला कळलं न्हाई. निजामाच्या राज्यात लगीन झालं, तवा मला सोळावं लागलं असंल. नाक आभाळाला लावून चालायची मी, म्हणून ठेचा लई लागायच्या. त्या पोरीला आता हसू वाटतं. पुढचं सांगताना मात्र हसू येत न्हाई.

रंगनाथभाऊजी माझे दीर. वयानं माझ्याहून मोठे, पण मालकांचे धाकटे भाऊ, म्हणून आमची थट्टामस्करी चालायची. ते जालन्याला कापसाच्या जिनिंगमधी कामाला गेल्ते, तिथं इंजिनावर बिजली तयार होताना बघितली आन तेच डोस्क्यात घेऊन आले. म्हणाले, इंजिनाला तेल लागतं, आपल्या पूर्णा नदीला काय लागतं? मंग बंधाऱ्याखाली सागाच्या फळ्यांचं मोठं चाक बसवलं, पाणी पडलं की चाक फिरायचं, चाकाला पट्टा, पट्ट्याला जालन्याहून आणलेला जुना डायनॅमो आन बाभळीच्या खांबांवरून तार. पाटीसुद्धा रंगवली, केदारखेडा बिजली कंपनी. सासूबाई म्हणायच्या, कंपनीत माणसं किती, तर एक आमचा रंगनाथ आन दुसरं चाक. एका दिव्याला महिन्याची पायलीभर ज्वारी, असा भाव. पाच-सहा घरांनी दिवे घेतले. लोक ओसरीवर बसून नुसते दिव्याकडं बघत राहायचे, जेवायचं इसरून.

आमच्या घरी पहिला दिवा लागला ओसरीवर, गडीमाणसं बसतात तिथं. बराबर हाय. दुसरा लागला गोठ्यात! गाय व्यायला झाल्ती म्हणून. बैल उजेडात कडबा खाऊन राह्यले आन मी चुलीपाशी चिमणीच्या धुरात डोळे चोळून राह्यले. त्यात मी माहेरी सांगून आल्ते, आमच्यात भाकर बिजलीत थापतात म्हणून. भाऊजींना म्हणलं, बैलांना पोथी वाचायची हाय का? ते हसले, थांबा वहिनी, चाकाचा जोर वाढू द्या. पण थांबणं माझ्या पत्रिकेतच न्हवतं.

दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन नदीवर गेले, तर खालच्या मळ्यातली गयाबाई विचारती, का गं, तुझा दीर पाण्यातून बिजली काढतो, मंग मागं पाण्याचं काय राहतं? मी धोतर आपटता आपटता म्हणलं, दही घुसळल्यावर काय राहतं? ताक. लोणी आमच्या गोठ्यात, ताक तुमच्या मळ्यात. बाया खळखळून हसल्या. मीबी हसले, काय बोलले म्हणून स्वतःवरच खूश. गयाबाई तेवढी हसली न्हाई. तिचा गहू-हरभरा सगळा त्याच पाण्यावर.

त्या साली हरभऱ्याला उभी झाडं वाळवणारी मर लागली. ती कुठं ना कुठं दरसाल लागती, पण औंदा तिला कारण मिळालं, माझं ते ताकाचं बोलणं. कुणाची म्हैस आटली, ताकपाण्यानं. कुणाचं पोट बिघडलं, ताकपाण्यानं. मारुतीच्या पारावर माणसं जमली, भाऊजींना बोलावलं. मी घागर घेऊन भिंतीआड उभी. एक म्हातारा म्हणला, रंगनाथ, बाकी सोड, पाण्यातून कायतरी निघतं का न्हाई तेवढं सांग. भाऊजींना खोटं बोलता येत न्हवतं. म्हणाले, निघतं की, पाण्याचा जोर निघतो.

झालं. जोर काढलेलं पाणी आमच्या पिकाला पाजतोस व्हय? भाऊजी सांगून राह्यले, तसला जोर न्हवे बाबा, उंचावरून पडायचा जोर, पाणी जसंच्या तसं राहतं. पण तोंडातून शब्द गेल्ता. गयाबाईचा मालक हात जोडून म्हणला, रंगनाथ, आमचं पोट हाय रे त्या पाण्यावर. त्याची तरी काय चूक? चूक भिंतीआड घागर घेऊन उभी होती.

घरी आल्यावर भाऊजी चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, वहिनी, तुम्ही नदीवर जाता, हे ताकाचं कुणी काढलं असंल? मी खाली मान घालून भाकर थापत राह्यले. म्हणलं, मला बिलकुल ठावं न्हाई, मी आपली धुणं धुऊन येते. ते म्हणाले, व्हय, तुम्हाला कोण सांगणार. इतका त्यांचा माझ्यावर भरोसा. भाकर करपली. आजवर कितीक भाकरी करपल्या असतील, पण तीच ध्यानात राह्यली.

आठ दिवसांत चाक उतरलं. सासूबाईंनी त्याच्या फळ्यांचे जेवायचे पाट करून घेतले, आन जलमभर त्याच पाटावर बसून मी जेवले. भाऊजी परत जालन्याला जिनिंगमधी निघाले. जाताना चिंध्यांत गुंडाळलेला एक दिवा माझ्या हातात दिला. म्हणाले, हा तुमच्या चुलीसाठी आणल्ता वहिनी, संक्रांतीला लावणार होतो, ऱ्हाऊ द्या आता तुमच्यापाशीच. काय सांगू तुम्हाला, काचेचा तो दिवा, वजन काय न्हाई, पण मला धरवंना.

मंग रझाकाराची गडबड झाली, राज्य गेलं, लई वर्षांनी गावात सरकारी बिजली आली. भाऊजी जालन्यालाच म्हातारे झाले, कानानं पार गेले. एक दिवस मी मनाचा धडा करून गेले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणलं, भाऊजी, ते ताकाचं मीच बोलल्ते. त्यांनी हात कानामागं धरला. मी ओरडून म्हणलं, ताक! ताक! ते मीच! भाऊजी तोंडभर हसले आन सुनेला हाक मारली, अगं, वहिनी उन्हातनं आल्यात, ताक मागायल्यात, जल्दी दे.

तिनं तांब्याभर आणलं. जिरं-मीठ घालून. आन मी पिले. परत सांगायचा धीर झाला न्हाई, पुढच्या साली ते गेले.

आता नातवानं घरावरच्या माळवदावर उन्हाच्या बिजलीच्या काचा बसवल्यात. शेजारची सून परवा विचारायली, आज्जी, ऊन वढून घेतल्यावर आमच्या पापडांना ऊन कमी पडंल का? मी म्हणलं, बाई गं, माझ्यासमोर बोललीस ते बोललीस, नदीवर बोलू नको. मंग तिला बसवून सगळं सांगितलं. तुम्ही लिहून घेताय ते तिच्यानंतर दुसऱ्यांदा. भाऊजींना ऐकू गेलं न्हाई, तुम्हाला तरी गेलं.

बसा, जाऊ नका तसेच. ताक आणते. लोणी काढलेलं हाय, पण प्या, त्याचं काई गेलेलं न्हाई.