मोर छापाची चव

आमच्या पणदऱ्याच्या तात्यांना सिगारेटची खरी चव कुठं सापडली, ऐका. महायुद्धात बंद पडलेली मोर छाप दहाएक वर्षांनी पुन्हा निघाली आणि रहिमानभाईंच्या दुकानात आली. तात्यांनी तरणेपणी हीच ओढलेली, म्हणून पहिलं पाकीट त्यांनीच फोडलं.

एक झुरका घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही ती न्हाय, रहिमानभाई."

"तात्या, माल त्योच हाय."

"मग चव कुठं गेली?"

दुसरी ओढली, तीही तशीच. तिसरी पेटवली आणि रस्त्यावर काठी वाजली. तात्यांचे वडील, ऐंशीचे आबा, येत होते. थोरल्यांदेखत ओढायची आमच्याकडं पद्धत नाही. पन्नाशीचे तात्या सिगारेट मुठीत धरून गुळाच्या ढेपांमागं दडले. आबा पायरीवर टेकले, पाऊसपाण्याचं बोलत राहिले. ढेपांमागून बारीक धूर निघायला लागला, तशी रहिमानभाईंनी घाईनं उदबत्ती लावली.

आबा गेल्यावर तात्या बाहेर आले. बोट भाजलेलं, पण चेहरा खुललेला.

"आता लागली बघा. हीच ती चव."

रहिमानभाई म्हणाले, "व्हय, पण दर पाकिटासंगं आबा कुठनं देऊ?"