रुळावरची बाई

अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या म्हाताऱ्याने तळहातावर धरलेला प्लास्टिकचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर उंच होता. त्याच्या टोपीचा पांढरा रंग खांद्यापर्यंत ओघळला होता. आपल्या नंबराची वाट पाहणाऱ्या प्रियदर्शनीने मोबाइल पर्समध्ये टाकला.

“हे इथं काहून आणलं?” म्हाताऱ्याची बायको म्हणाली.

“डॉक्टरले दाखवतो. इतकं बारीक रंगवतो मी. मले कायचा मोतीबिंदू?”

“टोपी खांद्यावर गेली त्याची.”

“उपरणं हाय ते.”

“अन् तुमच्या त्या खेळण्यातल्या टेशनावर...”

“खेळणं नाय. मॉडेल हाय.”

“मॉडेलवर सारे उन्हात उभे केले. निंबाखाली एक नाय. आपल्याकडं मे महिन्यात असं उभं राहते कोणी?”

“गाडी पाहून राहिले ते.”

“गाडीकडं पाठ करून?”

“एखादा चुकला असंल.”

“अन् ते लेकरू घेतलेली बाई?”

“फलाटाच्या कडेले हाय ते.”

“रुळावर चिकटवली तुमी. सकाळी तुमीच गाडी घातली तिच्यावर. तुमाले दिसलंबी नाय.”

“लेकरू?”

“तेबी गेलं.”

“मंग मले सांगावं नाय?”

“सांगूनच राहिली ना. डोळे दाखवा म्हणून, दोन वर्षं झाले.”

म्हाताऱ्याने मूठ मिटली आणि टेबलाशी बसलेल्या नर्सकडे वळला.

“सिस्टरबाई, ऑपरेशनले नाव लिहा माझं. जानराव.”