डब्याला श्वास लागतो

नाही, तुम्हीच सांगा, घरात माणसाची किंमत जास्त की कचऱ्याच्या डब्याची? साधा प्लॅस्टिकचा डबा हो, हिरवा, परसात कुंपणाला टेकून उभा... ओला कचरा टाका, वर सुका पाला टाका, काही महिन्यांनी खत काढा, असं दुकानदार म्हणाला. दुकानदाराचं काय जातं म्हणायला? इथे मला सकाळी चहा मिळायच्या आधी चहाचा चोथा त्याला मिळतो! केळं खाताना जरा रेंगाळलो की आतून आवाज, "अहो, आटपा, साल द्या, तो उपाशी असेल." आणि झाकण थोडं घट्ट बसलं की बायको धावत येते, "अहो, सैल ठेवा, डब्याला श्वास लागतो."

मी काही बोलत नाही. कारण आहे. सांगतो.

माझ्या मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून बायको तिच्याकडे राहायला निघाली. रिक्षा दारात उभी, आणि ही परसात उभी. "शिजवलेलं काही टाकायचं नाही, तेलकट टाकायचं नाही, रोज काठीने ढवळायचं, डब्याला श्वास लागतो." मी म्हटलं, "आणि माझं?" तर म्हणे, "तुम्ही खानावळीत जेवा." खानावळीत? तुम्हाला सांगतो, मी आयुष्यभर बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या, आत माणसं रडतायत, वर साहेब ओरडतोय, आणि मी शांतपणे पाना फिरवतोय... मला भात करता येणार नाही? तसं मी फोनवर मेहुणीलाही ऐकवलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "बघू हं, भाऊजी." त्या 'बघू हं'ने माझी झोप उडवली. आता भात झालाच पाहिजे, नाहीतर दोघी बहिणी मला जन्मभर सोडत नाहीत.

भात लावला. आणि पातेलं कुठलं घेतलं असेल? सासूबाईंनी लग्नात दिलेलं, जाड बुडाचं! त्यात ही कुणाला पाणीसुद्धा तापवू देत नाही. म्हटलं, जाड बूड आहे, लागणार नाही. लागला. नुसता लागला नाही, खाली डांबरी रस्ता झाला. राखेने घासलं, लिंबाने घासलं, लिफ्टची गंजलेली साखळी ज्याने साफ करायचो त्या तारेने घासलं... रस्ता तसाच. आणि नेमका तेव्हा फोन वाजला. साधा नाही, चेहरा दिसणारा!

"अहो, जरा स्वयंपाकघर दाखवा बघू."

आता पातेलं ठेवू कुठे? कपाटात? ही म्हणणार, कपाट उघडा. पलंगाखाली? ही म्हणणार, केर काढलाय का, दाखवा. घरात हिची नजर जाणार नाही अशी जागाच नाही. मी फोन गॅसच्या ओट्यावर उलटा ठेवला, म्हटलं आवाज तुटतोय, आणि बाजूला काढलेल्या भातासकट पातेलं घेऊन परसात धावलो, आणि टाकलं डब्यात! वर पाला लोटला, झाकण लावलं, घाम पुसला, फोन उचलला, आणि ही काय म्हणाली असेल?

"स्वयंपाकघर राहू द्या. आधी डबा दाखवा."

दाखवला. पाल्याचा थर बघून खूश झाली. म्हणाली, "रोज दाखवत जा हं." झालं, पातेलं आत अडकलं. रोज वर साली पडतात, पाला पडतो, आणि काठीने ढवळताना खालून टण्ण असा आवाज येतो. मग मी खोकायचो.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण शिजवलेला भात ना तो! वास सुटला. आमच्या शेजारी अग्निशमन दलातले निवृत्त गृहस्थ राहतात, आम्ही त्यांना बंबवाले म्हणतो. नाक असं, की तीन घरांपलीकडे काडी ओढली तरी बादली घेऊन उभे. ते कुंपणावरून म्हणाले, "राव, आत कोण गेलंय?" म्हटलं, कोणी नाही, बायको बहिणीकडे गेलीय. ते माझ्याकडे असे बघायला लागले, की मी घाबरून सगळं खरं सांगून टाकलं.

मग काय, सुताराकडून भुसा आणला, बागेतल्या माळ्याकडून पोतंभर वाळका पाला आणला, आणि रोज ढवळतोय, ढवळतोय... माझा दम निघतोय, आणि बंबवाले कुंपणावरून ओरडतायत, "हलवा, राव, डब्याला श्वास लागतो!" वास गेला. पण खरं सांगू? घर मात्र खायला उठलं होतं. 'अहो' म्हणणारं कोणी नाही, खानावळीत गुपचूप जेवायचं, आणि घरी येऊन डब्याशी बोलायचं. त्याला म्हटलं, बाबा रे, ती यायच्या आदल्या दिवशी पातेलं काढतो, तोवर सांभाळ.

आणि ही चार दिवस आधीच आली! मेहुणी चालायला लागली म्हणे.

पुढचे कित्येक आठवडे घरभर पातेल्याचा शोध. मीही शोधायचो, बरं का, अगदी मनापासून, माळ्यावर चढून. शेवटी खत तयार झालं. बायको म्हणाली, डबा पालथा करा. मेहुणी काठी टेकत मुद्दाम बघायला आलेली, बंबवाले कुंपणावर. केला पालथा. काळंभोर, भुसभुशीत खत पडलं, मातीसारखा छान वास... आणि टण्ण.

बायकोने पातेलं उचललं, नळाखाली धरलं, बोट फिरवलं. काळं सगळं सुटून आलं हो! खाली चांदीसारखं बूड. मी मान खाली घालून उभा. म्हटलं, आता कडाडणार. तर ही बहिणीकडे वळून म्हणते, "अगं, तुझी ती करपलेली कढई आण बरं उद्या."

तेव्हापासून बघा, मेहुणीची कढई, बंबवाल्यांचा तवा, माळ्याच्या बायकोचं दुधाचं पातेलं... मी पुरतो, मी ढवळतो, मी उकरतो. काल ढवळता ढवळता मटकन खाली बसलो, म्हटलं, अगं, जरा श्वास तरी घेऊ दे. तर बायको धावत आली हो, अगदी काळजीने, पदर सावरत... आणि झाकण उघडून आत बघितलं.

"घेतोय," म्हणाली. "तुम्ही बसा."